घरची भाषा आणि मुलांचे उच्चार

जून महिन्यांत शाळा उघडली कीं कचेरीसमोर पालकांची गर्दी होते, आणि त्या गर्दींत एक प्रश्न हमखास ऐकूं येतो. "मास्तर, याचे उच्चार अजून स्वच्छ नाहींत. घरांत मराठी बंद करून इंग्रजीच बोलूं लागावें काय?" कोणी मराठीच्या जागीं कोंकणीचें नांव घेतो, कोणी तेलगूचें, कोणी गुजरातीचें, प्रश्न मात्र एकच. घरांत एक भाषा आणि शाळेंत दुसरी असल्यामुळें मुलाची जीभ गोंधळते, सबब घरची भाषा काढून टाकावी, हा समज इतका रुजलेला आहे कीं तो खरा कीं खोटा हें विचारण्याची गरजच कोणास वाटत नाहीं. हा समज चुकीचा आहे असें माझें स्पष्ट मत आहे आणि तें मी आज या पानांवर निःसंकोचपणें मांडणार आहें. निःसंकोचपणें म्हटलें खरें, पण थोडा संकोच आहेच. कारण हाच चुकीचा सल्ला मीं स्वतः एकदां दिलेला आहे.

माझा पुतण्या बरींच वर्षें अमेरिकेंत नोकरीस आहे. त्याचा मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हां घरांत आईबाप, आणि त्यांच्यापाशीं कांहीं महिने राहावयास गेलेल्या माझ्या वहिनी, सर्वजण मराठींतच बोलत. मुलगा बोले पुष्कळ, परंतु त्याचें बोलणें बाहेरच्यांस नीट उमगत नसे. 'काका' ला तो 'ताता' म्हणे आणि इंग्रजी 'रेड' ला 'वेड' म्हणे. तेथील शिशुशाळेंतील बाईंनीं सुचविलें कीं दोन भाषांचें ओझें मुलास झेपत नाहीं, एक काढून टाका. पुतण्यानें मला विचारलें. मी तीस वर्षें मुलांस शिकवीत आलेला, म्हणून माझ्या शब्दास त्यानें वजन दिलें. मीं एक पुस्तक उघडून पाहिलें नाहीं, कोणा जाणत्यास विचारलें नाहीं. "बाई म्हणतात तसें करा, मराठी काय, पुढें येईलच" असें उत्तर धाडून मोकळा झालों.

मराठी पुढें आली नाहीं. तीन वर्षांनीं तो मुलगा पुण्यास आला तेव्हां आजी आणि नातू समोरासमोर पाटांवर बसलेले, आणि मध्यें दुभाष्या म्हणून मी! वहिनींनीं विचारलें, "भूक लागली कां रे, बाळा?" बाळानें माझ्याकडे पाहिलें. ती नजर मी अजून विसरलों नाहीं. आणि नवल असें कीं 'रेड' चें 'वेड' तेव्हांही तसेंच होतें. मराठी गेली, आणि जो दोष घालविण्याकरितां ती घालविली तो मात्र जागच्या जागीं होता. पुढें वाचादोषांवर उपचार करणाऱ्या एका बाईंनीं तेथें त्याला तपासलें आणि सांगितलें कीं इंग्रजीचा 'र' हा पुष्कळ मुलांच्या जिभेवर उशिरां येणारा ध्वनि आहे, त्यांत मराठीचा कांहींएक अपराध नव्हता. अपराध कोणाचा होता तें मला ठाऊक होतें. त्यानंतर या विषयावर जें जें मिळालें तें मीं वाचून काढलें.

जिभेची कथा कानापासून सुरू होते. पीटर आयमस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७१ सालीं दाखवून दिलें कीं एक ते चार महिन्यांच्या अर्भकासही इंग्रजी 'ब' आणि 'प' यांतील भेद कळतो. ज्याला अजून मान नीट सांवरतां येत नाहीं त्याचा कान इतका तीक्ष्ण! परंतु आपल्याला अधिक जवळचा असा प्रयोग १९८४ सालीं कॅनडांत जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनीं प्रसिद्ध केला. कारण त्यांनीं जे ध्वनि घेतले त्यांतले दोन हिंदीचे, म्हणजे आपलेही, होते: 'त' आणि 'ट'. प्रयोगाची रीत मोठी मौजेची होती. मूल आईच्या मांडीवर बसतें. एक ध्वनि पुनःपुन्हां ऐकूं येत असतो. तो बदलला कीं बाजूच्या पेटींत दिवा लागतो आणि एक खेळण्यांतला प्राणी हालूं लागतो. थोड्याच वेळांत मूल शिकतें कीं आवाज बदलला म्हणजे मान वळवावी, गंमत दिसते. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांनीं 'त' चा 'ट' होतांच मान वळविली. त्यांच्या आईबापांस मात्र तो भेद ऐकूं येत नव्हता! पण तशाच घरांतील मुलें दहा-बारा महिन्यांचीं झालीं तों त्यांतील फारच थोड्यांस तो भेद कळत होता. ज्या घरांत हिंदी बोलली जात होती तेथील मुलांच्या कानांनीं मात्र त्या वयांतही तो सोडला नव्हता.

आपण ज्याच्या जोरावर 'ताक' आणि बोरूचा 'टाक' वेगळे ओळखतों, तो भेद पहिल्या वाढदिवसाच्या आंतच कानांत पक्का होतो किंवा निसटूं लागतो. हा विचार मनांत आला म्हणजे घरांतील साध्या बोलण्याची किंमत कळते. पाळण्याशीं बसून आजी जें कांहीं असंबद्ध बडबडते तें वेळ घालविणें नव्हे. त्या वेळीं नातवाचा कान घडत असतो. आणि एका कानांत एकाच भाषेची जागा असते असेंही नाहीं. दोन भाषा रोज ऐकणारें मूल दोहोंचे भेद धरून ठेवतें.

मात्र तें ऐकणें जिवंत माणसाकडून झालें पाहिजे. पॅट्रिशिया कूल या विदुषीनें २००३ सालीं सिअ‍ॅटल येथें नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांस बारा बैठकींत चिनी भाषा ऐकविली. कांहींजणांपुढें चिनी बोलणारी व्यक्ति प्रत्यक्ष बसून पुस्तक वाची, खेळणीं दाखवी; कांहींजणांस तेंच सर्व पडद्यावर दाखविलें; कांहींजणांस नुसता आवाज ऐकविला. ज्यांच्यापुढें माणूस होतें त्यांस चिनी ध्वनींचा भेद कळूं लागला. पडद्यापुढचीं आणि आवाज ऐकणारीं मुलें कोरडींच राहिलीं. दिवसभर दूरचित्रवाणीवर मराठी गाणीं लावून ठेवणाऱ्या परदेशस्थ आईबापांनीं हें ध्यानांत ठेवावें. ज्या संभाषणांत पलीकडचें माणूस मुलाच्या बोलण्यास उत्तर देतें, हंसतें, थांबतें, त्याची गोष्ट निराळी आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलांस अशा समोरासमोरच्या दूरसंभाषणांतून नवे शब्द शिकतां येतात, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें. त्यामुळें फोनवरील आजी ही पडद्यावरील गाण्यांहून फार वरच्या पायरीवर आहे.

आतां जिभेकडे वळूं. आपल्या प्राचीन वैय्याकरणांनीं वर्णमालेचीं व्यंजनें कंठापासून ओठांपर्यंत ओळीनें लाविलीं: क-वर्ग घशाशीं, प-वर्ग ओठांशीं. मूल बहुधा या घराच्या उलट्या दारानें आंत शिरतें. ओठांचे 'म', 'ब', 'प' त्यास आधीं येतात, कारण ते करतांना आईच्या तोंडाकडे पाहतां येतें. घशाजवळच्या 'क' च्या ऐवजीं पुष्कळ मुलें कांहीं काळ 'त' वापरतात, म्हणून कावळ्याचा 'तावळा' होतो. 'र' साठीं जीभ थरथरवावी लागते, तो मागें राहतो आणि तोंवर 'राम' चा 'लाम' चालतो. शरीन मॅक्लाउड आणि कॅथ्रिन क्रो यांनीं २०१८ सालीं सत्तावीस भाषांतील मुलांच्या उच्चारांवरील अभ्यास एकत्र करून पाहिला. पांच वर्षांचें होईपर्यंत मुलें आपल्या भाषेंतील बहुतेक व्यंजनें बरोबर म्हणूं लागतात, असें त्यांस दिसलें. म्हणजे माझ्या पुतण्याच्या मुलाचा 'ताता' हा तीन वर्षांच्या जगांतल्या असंख्य मुलांचा 'ताता' होता. त्याला भाषा एक असती तरी तो तसाच बोलला असता.

पण दोन भाषांच्या मुलाच्या उच्चारांत कांहीं वेगळेपण असतें हें नाकारण्यांत अर्थ नाहीं, आणि तें वेगळेपण समजून घेण्याजोगें आहे. इंग्रजींत आपला 'त' ही नाहीं आणि 'ट' ही नाहीं. आपण 'त' करतांना जीभ दांतांस लावतों, 'ट' करतांना ती मागें वळवून टाळूस लावतों. इंग्रज मधल्या हिरडीस लावतो. मग इंग्रजींत वाढणारें मूल 'ताट' म्हणतें तेव्हां दोन्ही अक्षरांस तीच एक जागा मिळते. इंग्रजी शब्दाच्या आरंभींचा 'प' श्वास सोडून म्हणतात, म्हणून अशा मुलाचें 'पाणी' आपल्याला 'फाणी' सारखें ऐकूं येतें. उलट आपण इंग्रजी 'पिन' म्हटलें तर इंग्रजाच्या कानास 'बिन' वाटण्याचा संभव असतो. 'ळ' तर तिकडे नाहींच. त्यामुळें गाल आणि गाळ, काल आणि काळ, वेल आणि वेळ एकाच मापानें मोजले जातात.

याहून सूक्ष्म गोष्ट 'च' आणि 'ज' यांची आहे. 'चार' या आंकड्यांतील 'च' आणि गुरांच्या 'चारा' यांतील 'च' एक नव्हेत. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द आपण निरनिराळे बोलतों, पण लिहितों मात्र हुबेहूब सारखे. आपल्या लिपीनें हा भेद कागदावर उतरविलाच नाहीं. तो कोठें आहे? आईच्या, आजीच्या, भाजीवाल्याच्या तोंडांत. घरच्या भाषेविषयीं माझा सर्वांत बळकट मुद्दा हाच. मोठेपणीं हौस झाल्यास मराठी पुस्तकांतून शिकतां येईल असें म्हणणाऱ्यांनीं सांगावें कीं जें पुस्तकांत छापलेलेंच नाहीं तें पुस्तकांतून कसें शिकणार?

तर हें वेगळेपण रोग नव्हे. आपण इंग्रजी 'थ्री' हा शब्द आपल्या थाळीच्या 'थ' नें म्हणतों. इंग्रज तेथें जिभेचें टोक दांतांमध्यें धरून नुसता वारा सोडतो. म्हणून आपणां सर्वांस कोणी दवाखान्यांत पाठवीत नाहीं. एका भाषेची लकब दुसरींत डोकावणें निराळें आणि उच्चाराचा खरा दोष निराळा. खरा दोष असेल तर तो सहसा दोन्ही भाषांत दिसतो, कारण जीभ एकच आणि कान तेच. याकरितां अशा मुलाची परीक्षा दोन्ही भाषांत झाली पाहिजे. नुसत्या इंग्रजीच्या मोजपट्टीनें मोजलें तर निरोगी मूल दोषी ठरेल. आणि "दोन भाषा आहेत, होईल हळूहळू" असें म्हणून सोडून दिलें तर ज्यास मदत हवी तें मूल उपेक्षित राहील. दुसरी चूक पहिलीइतकीच वाईट आहे. चार वर्षांच्या मुलाचें बोलणें कोणत्याच भाषेंत परक्यास बहुतांशीं कळत नसेल, किंवा हांक मारली तरी तें वळून पाहत नसेल, तर प्रथम कान तपासून घ्यावेत. मुंबईस वांद्रे येथें अली यावर जंग यांच्या नांवाची वाचा व श्रवण यांसंबंधींची राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ सालीं ती स्थापन झाली. अशा ठिकाणीं जाण्यांत कमीपणा कसला? चष्मा लावण्यांत आपण कमीपणा मानीत नाहीं.

दोन भाषांनीं मूल मागें पडतें हें मत आलें कोठून, याचाही शोध घेण्यासारखा आहे. वेल्स प्रांतांत सेअर नांवाच्या गृहस्थानें १९२३ सालीं शाळकरी मुलांच्या बुद्धीचीं मापनें प्रसिद्ध केलीं. खेड्यांतील वेल्श-इंग्रजी बोलणारीं मुलें केवळ इंग्रजी बोलणाऱ्यांहून कमी ठरलीं, आणि तो निकाल पुढें फार दिवस लोकांच्या तोंडीं राहिला. घरची सांपत्तिक स्थिति सारखी आहे कीं नाहीं हें अशा तुलनांत पुरेसें पाहिलेलें नसे. १९६२ सालीं मॉन्ट्रिऑल येथें एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनीं सारख्या परिस्थितींतील दहा वर्षांचीं मुलें घेतलीं, तेव्हां दोन भाषांचीं मुलें मागें तर नव्हतींच, उलट पुढें होतीं. त्या निवडीसही पुढें कोणी दोष दिले. दोन भाषांनीं मूल बृहस्पति होतें असा माझा दावा नाहीं. तें बिघडत नाहीं एवढेंच मला पुरे आहे.

ज्यांच्या घरीं भाषा अर्धवट सुटून गेली आहे त्यांच्यासाठीं एक दिलाशाची गोष्ट सांगतों. टेरी ऑ आणि तिच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं अमेरिकेंतील कांहीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. ते सर्व स्पॅनिश नव्यानें शिकत होते; पण त्यांतील कांहींजणांच्या कानांवर लहानपणीं ती भाषा पडलेली होती, स्वतः ते ती फारशी बोललेले नव्हते. व्याकरणांत ते इतरांहून फारसे सरस ठरले नाहींत, उच्चारांत ठरले. २०१४ सालीं मॉन्ट्रिऑल येथें याहून चमत्कारिक गोष्ट दिसली. चीनमधून तान्हेपणीं दत्तक आणलेल्या, फ्रेंच घरांत वाढलेल्या आणि चिनीचा एक शब्दही न आठवणाऱ्या नऊ ते सतरा वर्षांच्या मुलींचा मेंदू चिनी स्वर ऐकतांना चिनी बोलणाऱ्यांच्या मेंदूप्रमाणेंच काम करीत होता. मुलगी विसरली होती. मेंदू विसरला नव्हता. हें वाचलें त्या रात्रीं मीं पुतण्यास फोन केला.

कांहीं पालक म्हणतील, "मास्तर, हें सर्व ठीक, पण भाकरी इंग्रजीनें मिळते." खरें आहे. म्हणूनच इंग्रजीची काळजी करूं नका. ती शाळेंत आहे, रस्त्यांत आहे, खेळण्यांत आहे. परदेशीं वाढणाऱ्या मुलाला ती टाळतां येणारच नाहीं. टिकविण्यास कष्ट पडतात ते घरच्या भाषेला. तंजावरास व्यंकोजी राजांबरोबर गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांनीं तीनशेंहून अधिक वर्षें तामिळ मुलखांत घरीं मराठी बोलत ठेवली. तिच्यावर तामिळची छाप पडली, आपणांस ती ऐकतांना थोडी अनोळखी वाटते, पण ती मराठी आहे. राज्य १८५५ सालीं खालसा झालें. स्वयंपाकघरांतली भाषा खालसा करावयास कोणी आलें नाहीं. आज उत्तर अमेरिकेंत १९८१ सालीं स्थापन झालेलें बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, गांवोगांवीं सुटीच्या दिवशीं मराठी शाळा भरतात, हें कौतुकाचें आहे. परंतु आठवड्यांतील दोन तासांची शाळा जेवणाच्या वेळच्या गप्पांची जागा घेऊं शकत नाहीं.

एक तक्रार आपल्या थोरांविषयींही आहे. परदेशचा नातू सुटींत आला कीं सारें घर त्याच्याभोंवतीं जमतें आणि 'ळ' म्हणवून घेतें. तो चुकला कीं हंशा! पुन्हां म्हण, पुन्हां चूक, पुन्हां हंशा. चौथ्या दिवशीं मुलगा मराठी बोलणें सोडतो आणि आपण म्हणतों, "याला मराठीची आवडच नाहीं." चुकीचा शब्द मुलाकडून दहादां घोटवून घेण्यापेक्षां आपण तो सहज, बरोबर, आपल्या वाक्यांत पुन्हां म्हणावा. तो "दोला दुखतो" म्हणाला तर "डोळा दुखतो होय? कोणता डोळा?" एवढें पुरे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हींही थोडें ऐका. गेल्या वर्षीं सातवींत मस्कतहून एक मुलगी आली. वाचनाच्या तासाला तिनें 'नदींतील गाळ' हें 'नदींतील गाल' असें वाचलें आणि वर्ग खो खो हंसला. हंसूं येणें स्वाभाविक होतें, मलाही आलें. परंतु त्यानंतर महिनाभर ती मुलगी मराठीच्या तासाला तोंड उघडीना. पुढें तिच्या शेजारणीनें मधल्या सुटींत खेळतां खेळतां 'ळ' शिकविला. जीभ मागें कशी वळवावयाची तें आरशांत दाखविलें म्हणे. मीं तीस वर्षांत वर्गांत आरसा आणला नव्हता.

पुतण्याच्या घरीं आतां रात्रीचें जेवण मराठींत होतें. रविवारीं सकाळीं, म्हणजे तिकडच्या शनिवारीं संध्याकाळीं, वहिनी फोन समोर उभा करून बसतात. गहूं निवडणें, वाती वळणें, जें हातांतलें काम असेल तें चालूच असतें आणि पलीकडून नातू प्रश्न विचारतो. तो आतां नऊ वर्षांचा आहे. इंग्रजी 'र' त्याला आला. मराठी 'ळ' अजून दहांत चार वेळां येतो. गेल्या रविवारीं त्यानें विचारलें, "आजी, काल तूं काय केलंस?" आणि लगेच थांबून, "काल कीं काळ?" वहिनींच्या हातांतील वात तशीच राहिली. "काल, बाळा, काल," त्या म्हणाल्या, आणि मग काल आपण काय काय केलें तें अर्धा तास सांगत बसल्या.